चित्रातलं पाणी

पाटाचं दार उघडलं नाही, त्या सकाळी आम्ही सगळे फावडी घेऊन बांधावर उभे होतो.

कोबीची लावणी नुकतीच झाली होती. नव्या लावणीला लगेच पाणी मिळालं नाही तर रोप मान टाकतं आणि पुढच्या उन्हात त्याची पानं कागदासारखी होतात. म्हणून आमच्या पाटावरच्या सगळ्या घरांनी एकमेकांना लागून पाळ्या मागितल्या होत्या. मागितल्या होत्या म्हणजे हिने मागितल्या होत्या. ही म्हणजे माझी बायको. पाण्याची पाळी हल्ली फोनवर मागावी लागते, आणि चष्मा लावून, एकेक अक्षर वाचत फोनशी बसायचा धीर आमच्या पाटावर हिलाच होता. लोक येऊन आपापल्या शेताचा नंबर सांगायचे, ही ओट्यावर बसून एकेकाची मागणी करून द्यायची.

पैलवान दाराच्या फळीवर वाकून बघत होता. त्याला पैलवान म्हणतात, कारण तो बाजूने उभा राहिला तर दिसत नाही.

"वहिनी, पाणी वाटेत झोपलं की काय?"

"येतंय हो. मागणी झाली आहे. मी स्वतः बघितलंय."

"हिने बघितलंय म्हणजे आलंच," मावशी म्हणाली. मावशी आमची शेजारीण. एकटी बाई, एक पट्टी जमीन आणि न थकणारं तोंड. "तोवर फावड्यांना धार तरी लावा रे. नुसते काय उभे राहिलात वरातीसारखे."

तेवढ्यात पाटकरी गाडीवरून आला. कालव्याची दारं उघडायची आणि लावायची, हे त्याचं काम. तो आमच्यापाशी थांबणार नव्हता. मीच हात केला.

"अहो, आमचं दार?"

"आज तुमचं कुठे?"

"आजपासून आमच्या पाळ्या. सगळ्यांच्या."

त्याने खिशातून फोन काढला, अंगठ्याने वरखाली केलं. "तुमच्या पाटावरून एकाचीही मागणी नाही. मला वाटलं, लावणी लांबली तुमची."

ही पुढे झाली. हात पदराला पुसले, चष्मा लावला, फोन काढला. आमच्या शेताचा नंबर घातला, पाळीवर बोट ठेवलं. फोनमधल्या चित्रात पाट होता. बोट ठेवल्याबरोबर त्यातून पाणी वाहायला लागलं.

"हे बघा. वाहतंय." तिने फोन त्याच्यासमोर धरला.

पाटकऱ्याने फोन हातात घेतला आणि चित्र अंगठ्याने वर सरकवलं. चित्र वर गेलं, खाली पांढरं आलं. नुसतं पांढरं, जसं कुठलंही पान संपल्यावर असतं. त्याने आणखी सरकवलं. त्या पांढऱ्याच्या खालून एक बटण वर आलं. *मागणी पक्की करा.*

"हे दाबायचं राहिलं, काकू."

"हे कुठे होतं?"

"खाली होतं."

"खाली काही नव्हतं. पांढरं होतं."

"पांढऱ्याच्या खाली."

तिने तिथल्या तिथे ते बटण दाबलं. या पाळीची मुदत संपली आहे, असं पानाने सांगितलं.

"म्हणजे माझीपण राहिली?" मावशीने विचारलं.

"सगळ्यांची राहिली," पाटकरी म्हणाला.

"अरे, मग उघड की दार. पाणी तर समोर दिसतंय!"

दिसत होतं. आमच्या पाटाच्या तोंडावरून कालवा भरून चालला होता, पुढच्या गावांना. पाटकऱ्याने तिकडे बघितलं, मग गाडीच्या आरशात बघितलं. "मावशी, मागणी नसताना दार उघडलं तर उद्या या गाडीवर दुसरा दिसेल तुम्हाला. पुढची पाळी महिनाअखेर. तेव्हा तरी नीट दाबा." आणि तो गेला.

हिला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. पैलवानाने फावडं खांद्यावर टाकलं आणि हिच्याकडे न बघता मला म्हणाला, "चल रे. ऊन चढतंय."

ही तिथेच उभी राहिली. चित्र वर ढकलायची, खाली आणायची. वर, खाली.

आता ते चित्र तिथे कुठून आलं, ते सांगितलं पाहिजे.

फोन नव्हते तेव्हा पाटकरी आदल्या संध्याकाळी दाराची फळी चार बोटं उचलायचा, थोडं पाणी पाटात सोडायचा आणि फळी परत टाकायचा. ते पाणी तुमच्या शेतापर्यंत आलं की उद्याची पाळी तुमची. त्याला आम्ही सांगावा म्हणायचो. आमची पोरं बांधावर बसून सांगाव्याची वाट बघायची आणि पाणी दिसलं की ओरडत घराकडे पळत सुटायची. सांगावा आल्यावर कोणी पाटकऱ्याला परत विचारायला जात नसे. विचारलं तर तो चिडायचा, "पाणी पाठवलं ना? आणखी काय पत्रिका छापू?"

मग फोनवरचं पान आलं. पहिलं पान साधं होतं. शेताचा नंबर, पाळी, खाली बटण. ही त्यावर शिकली. तिने त्यावर दोन हंगाम काढले आणि कोणाचीही पाळी चुकली नाही.

आमचा पोरगा शहरात अशीच पानं बनवणाऱ्या कंपनीत आहे. पान कसं दिसावं, कुठे काय असावं, कुठे बोट लावल्यावर काय हलावं, हे तो ठरवतो. कालव्याच्या पानाचं काम त्याच्याच कंपनीकडे आलं. साध्या पानाला नवं रूप द्यायचं होतं. तो सुट्टीत घरी आला तेव्हा पाटावर ओणवा होऊन त्याने फोनने चित्र घेतलं. ही पाटात उभी होती. "आई, हलू नकोस." "अरे, पाय तरी धुऊ दे मेल्या, चिखलाचे दिसतील." "तसेच पाहिजेत."

नवं पान आलं तेव्हा सगळ्यात वर आमचा पाट होता. कडेला हिचे पाय होते, घोट्यापर्यंत पाण्यात. पाळीवर बोट ठेवलं की पाणी वाहायचं. हिने ते पान सगळ्या पाटाला दाखवलं; कोणी केलं ते मात्र सांगितलं नाही, कंपनीचं काम बाहेर बोलायचं नाही असं पोराने बजावलं होतं. लोक म्हणाले, वहिनी, तुमचे पाय तर सरकारात पोचले. ती आठवडाभर तोऱ्यात होती.

हिच्याकडचा फोन पोराचा जुना. पडदा लहान, एक कोपरा तडकलेला. त्यावर चित्राने सगळा पडदा भरायचा, बटण खाली राहायचं.

पाटाचं दार बंद राहिलं त्याच दुपारी हिने विहिरीवर घागरी काढल्या. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात तळाशी थोडं पाणी असतं, जनावरांपुरतं. बादली आपटते ती दगडावर, पाण्यावर नाही. मी ओढत होतो, ती वाहत होती. पहिली घागर घेऊन ती आमच्या वाफ्यांवरून पुढे गेली.

"अगं, इकडे."

"आधी मावशीचं."

"आपली रोपं काय लोखंडाची आहेत?"

"आपली माझ्यामुळे मेली तर आपलीच. तिची माझ्यामुळे मेली तर?"

मी पुढची बादली विहिरीत सोडली. पुढे तिने असंच चालवलं. मावशीची पट्टी, मग पैलवानाचे कडेचे दोन वाफे, मग आमचं. वाटीने पाणी घालायची, एकेका रोपाच्या बुडाशी, तोंडात पाणी घालावं तसं. सकाळी ऊन यायच्या आधी सुरू करायची आणि ऊन आल्यावर थांबायची नाही. खांद्याची कातडी घागरीने सोलली तेव्हा तिने चुंबळ खांद्यावर बांधली. टाचा तर फुटलेल्याच होत्या. माझ्या तळहातांना दोराचे वळ उठले. बादलीत पाण्यापेक्षा चिखल जास्त यायला लागला, तो ती फडक्यातून गाळून घ्यायची.

मावशी बांधावरून बघायची. एकदा म्हणाली, "असू दे गं, किती करशील." पण घागर नको म्हणाली नाही. नको म्हणायला तिला परवडतही नव्हतं.

पैलवानाच्या बायकोने मात्र हिला भर रस्त्यात गाठलं. ही डोक्यावर एक, कमरेवर एक अशी येत होती. ती म्हणाली, "एवढं कशाला दमता? फोनमधलं ओता की. तिथे तर मोप वाहतंय."

बरोबरच्या बायका हसल्या. हीपण हसली. घरी आल्यावर मला तसंच्या तसं सांगितलं, आवाज काढून सांगितलं आणि परत हसली. मग म्हणाली, "अहो, मी खरंच वेंधळी झाले का हो? आधी कधी चुकलं नव्हतं."

"पान बदललं. तू नाही बदललीस."

"पोराने एवढं चांगलं केलं होतं," ती म्हणाली. "मीच खाली बघितलं नाही."

"पोराला सांग, खालचं वर घे म्हणावं."

"नको. तो जीव टाकून काम करतो. त्याला वाटेल, आईला एवढंही जमलं नाही."

तिने पोराला फोन केला नाही. त्याचा आला तेव्हा लावणी छान आहे म्हणून सांगितलं.

वारा पडलेला होता, त्या दिवशी ती मावशीच्या पट्टीत बसली. मला वाटलं, पाणी घालायला बसली. बराच वेळ उठली नाही म्हणून हाक मारली. जाऊन बघितलं तर घागर कलंडलेली, पाणी वाफ्यात गेलेलं आणि ही कुशीवर. अंग तापलेल्या तव्यासारखं, आणि घाम नाही. पैलवानाने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई धावत आल्या, ओल्या चादरी टाकल्या, सुई लावली. "एवढ्या उन्हात काय करत होत्या?" त्यांनी विचारलं. पैलवान माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, पाणी घालत होती. संध्याकाळच्या आत ती गेली.

पोरगा आला. रडला. आलेगेले सांभाळले, मला दाढी करायला लावली. लोक यायचे आणि म्हणायचे, मनाला लावून घेतलं हो तिने, चूक तर कोणाच्याही हातून होते. पोराला काही कळेना. कसली चूक?

लोक यायचे थांबल्यावर मी हिचा फोन त्याच्या हातात दिला. "आपली पाळी मागून दाखव."

त्याने नंबर घातला, पाळीवर बोट ठेवलं. पाणी वाहायला लागलं. तो थांबला. अंगठा पडद्यावरच राहिला. त्याने चित्र सरकवलं, पांढरं आलं, आणखी सरकवलं. मग आपला फोन काढून हिच्या फोनशेजारी ठेवला. त्याच्या फोनवर चित्रही होतं, बटणही होतं, शिवाय खाली जागा शिल्लक होती.

"हा फोन मी लक्षातच घेतला नाही," तो म्हणाला.

"तुझाच फोन आहे तो."

"हो."

"आणि पाणी कशाला वाहतं ते? बटण दाबायच्या आधी?"

त्याने हिचा फोन उचलून तडकलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "सांगावा आठवला होता, बाबा. म्हटलं, लोकांना आपलं वाटेल. कंपनीत सगळ्यांना आवडलं होतं."

"आपलं वाटलं की. म्हणूनच तिथे थांबली."

त्याने कंपनीत फोन लावला, अंगणात फेऱ्या मारत बोलला. आत येऊन म्हणाला, वरचे म्हणतात पान चांगलं चाललंय. जे शेवटपर्यंत जातात, ते आधीपेक्षा लवकर जातात.

"आणि जे मध्येच थांबतात?"

"ते पान बघून गेले, असं दिसतं त्यांना. पुरावा दिला तर बदलतील. लोकांना बसवून बघावं लागेल, कोण कुठे अडतं. आमच्यात तशी पद्धत आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने पाटावरच्या लोकांना आमच्या ओट्यावर बोलावलं. हिच्याकडून काहीतरी दाबायचं राहिलं, एवढंच त्यांनी बांधावर ऐकलं होतं; पाळीवर बोट ठेवणं म्हणजेच ते दाबणं, असं त्यांना वाटत होतं. हिचाच फोन ठेवला. एकेकाने यायचं, पाळी मागायची, मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. बाकीच्यांनी काही सांगायचं नाही. तोही सांगणार नव्हता. बघणाऱ्याने मदत करायची नाही, असा त्यांच्या कामाचा नियम आहे म्हणे.

पैलवान पहिला. "हां, हा नंबर. हा माझाच ना? हां. ही पाळी. हे बघ, आलं पाणी." त्याने फोन खाली ठेवला. "झालं. सोपं आहे."

"झालं का, काका?"

"झालं की. आणखी काय करू, पोहू त्यात?"

पैलवानाची बायको आली. तीपण पाण्यापाशी थांबली. म्हणाली, "पाय कोणाचे हे?" आणि मग जीभ चावली. मावशीला अक्षर येत नाही, तिला नंबर पोराने घालून दिला. पाणी दिसल्यावर तिने फोनला हात जोडले. पाटाच्या टोकाचा म्हातारा आला, त्याची सून आली. सून शिकलेली, भराभर बोटं चालवणारी. सूनपण पाण्यापाशी थांबली. "पाठवली मागणी," ती म्हणाली.

पोरगा एकेकाचं लिहून घेत होता. शेवटी त्याने फोन घेतला आणि चित्र वर सरकवून सगळ्यांना बटण दाखवलं.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "हे तर कुणालाच नाही दिसलं."

"एकालाही नाही," पोरगा म्हणाला.

मी उंबऱ्यात बसलो होतो. मला वाटलं, आता. आता हा सांगेल.

पैलवान फोनकडे बघत म्हणाला, "ज्याने हे केलं ना, त्याला आणा आणि दुपारी त्या बांधावर उभा करा. गारव्यात बसून चित्रं काढतात लेकाचे."

पोराने कागदाची घडी केली. खिशात ठेवली. "पानात सुधारणा लागेल," तो म्हणाला. "मी वर कळवतो."

"कळव बाबा. तुझी मोठी ओळख आहे तिथे," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "आम्ही फसणारच रे, आम्हाला काय कळतं. तिने तरी खाली बघायला हवं होतं. तिला जमत होतं. पण जाऊ दे, गेलेल्या माणसाचं काय काढायचं."

लोक गेले. पोरगा ओट्यावर बसून होता.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय?"

"चित्र तुझं आहे ते."

"बाबा, मी एकटा नसतो त्यात. ठरवणारे वरचे असतात."

"चित्र कोणी घेतलं?"

"मी."

"पाणी आधी वाहायला कोणी लावलं?"

"मी."

"मग तेवढंच सांग. वरचं सांगू नकोस."

"हे बाहेर गेलं, कोणी कुठे छापलं, तर माझी नोकरी राहणार नाही. आणि पान बदलून घेतोय ना मी? पुढे कोणाची पाळी चुकणार नाही. महत्त्वाचं ते आहे."

"पुढच्यांचं झालं. हिचं काय?"

त्याने तोंड ओंजळीत घेतलं.  मी त्याला रडू दिलं. दुसऱ्या सकाळी तो शहरात परत गेला.

त्याने शब्द पाळला, हे मला सांगितलं पाहिजे. महिनाअखेरीच्या आत पान बदललं. वर मोठ्या अक्षरात लिहून आलं, *आपल्या सोयीसाठी नव्या रूपात.* बटण पहिल्याच नजरेत दिसतं, हाताच्या अंगठ्याएवढं. दाबल्यावर मागणी पक्की झाल्याचं लिहून येतं, पाटकऱ्याचं नाव येतं. आधीचं पान का बदललं, कोणाच्या पाळ्या गेल्या, याचा एक शब्द त्यात नाही. चित्र काढून टाकलं आहे. हिचे पाय त्याबरोबर गेले. मी पोराला म्हणालो होतो, बदल म्हणून. पायांचा विचार मी केला नव्हता.

पाटाला पाणी आलं. मावशीची पट्टी बऱ्यापैकी तगली आहे. आमचं निम्मं गेलं, तिथे मी भेंडी टोचली. पाटावरच्या मागण्या आता मी करतो, हिच्याच फोनवर. लोक नंबर सांगतात आणि उठून जात नाहीत. पैलवान माझ्या खांद्यावरून वाकून बघतो. "दाबलंस? दाखव." मी दाखवतो.

परवा दारे धरताना, एकेका सरीत पाणी वळवताना, मी त्याला म्हणालो, "हिची चूक नव्हती ती."

त्याने फावडं चिखलात रोवलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, मनात ठेवू नकोस. आम्ही केव्हाच माफ केलंय तिला. सगळ्यांनी. माझी बायको तर रडते आठवण काढून."

मी त्याचा हात पाठीवरून काढला. तो बघत राहिला. पाणी पुढच्या सरीत शिरलं होतं, मी तिकडे गेलो.

माझं सांगणं त्यांना नवऱ्याचं सांगणं वाटतं. ज्याने चित्र केलं, त्याने सांगितलं तर ऐकतील. पोराला मी प्रत्येक फोनवर विचारतो. तो म्हणतो, येतो, सुट्टी मिळाली की येतो. मग जेवलात का विचारतो.

चित्र माझं होतं, आईची चूक नव्हती, एवढं त्याने पाटावरच्या लोकांसमोर उभं राहून सांगायचं आहे. ते अजून झालेलं नाही.